वजनं कोणी ठरवली?

समजा, एका दूध संघाला संकलनाची घडी नव्याने बसवायची आहे. आज बारा वाड्यांवर केंद्रं आहेत. नव्या योजनेत चार बंद होतील आणि उरलेल्या आठ ठिकाणी बल्क कूलर बसतील. दूध लवकर ४ अंशांवर येईल, डिझेल वाचेल. सिम्युलेशनमध्ये अख्खा पावसाळा, बंद पडलेला घाट, गेलेली वीज, सगळं चालवून बघितलं. आता फक्त निवडायचं.

निकष तीन: खर्च, दर्जा, छोट्या शेतकऱ्यापर्यंतची पोहोच. दहापैकी गुण, जुन्या पद्धतीला ४, ६, ९ आणि नवीला ८, ८, ४. निकषांची वजनं अनुक्रमे ५०, ३०, २० टक्के धरली तर जुनी ५.६, नवी ७.२. नवी जिंकली. वजनं ३०, २०, ५० करा. जुनी ६.९, नवी ६.०. एकही गुण बदललेला नाही. गणित दोन्ही वेळा बरोबर आहे.

मग निर्णय घेतला कोणी? मीटिंगमध्ये म्हणतील, ‘मॉडेलने’. पण निर्णय वजनं भरली तेव्हाच झाला होता.

थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात वजनं काढायची एक शिस्त दिली, एएचपी. दोन-दोन निकष घ्यायचे, १ ते ९ मध्ये तुलना करायची. उत्तरं एकमेकांना छेद देत असतील तर पद्धत तसं सांगते. मात्र ती तपासते सुसंगती. न्याय नाही. माणूस पूर्ण सुसंगत राहून अन्याय करू शकतो.

बेरजेत आणखी एक गोष्ट दडलेली असते: एकीकडचा तोटा दुसरीकडच्या फायद्याने भरून निघतो, हे गृहीतक. कागदावर निघतोही. पण एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईचं केंद्र बंद झालं, तर वाचलेलं डिझेल तिच्या किटलीत पडत नाही. तिने दूध घालणं सोडलं की पुढच्या वर्षीच्या आकड्यांत ती नसतेच. मॉडेल आणखी छान दिसतं.

म्हणून मला वाटतं, काही गोष्टींना वजन देऊच नये, अट करावी. ‘कुणालाही किटली घेऊन दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागणार नाही’ हे आधी लिहा, मग उरलेल्या पर्यायांत स्वस्तातला शोधा. आकडा दोन असावा की तीन, यावर भांडण होईल. होऊ दे. ते भांडण उघड्यावर होईल, आणि त्यात ती बाईही बोलू शकेल. एक्सेलच्या रकान्यात तिला बोलता येत नाही.