न जाण्याची मोकळीक

2008 साली बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला गेला आणि बेल्लारी रस्त्यावरचे हेब्बाळ हे शहराचे उत्तरेकडचे दार झाले. याच भागात 1973 पासून बॅप्टिस्ट रुग्णालय उभे आहे. गेल्या वीसेक वर्षांत त्याच्या आसपास मोठी खासगी रुग्णालयेही आली. त्यामुळे विमानतळाकडे निघालेली टॅक्सी आणि रुग्णवाहिका हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी एकाच कोंडीत उभ्या राहतात. सांगली, कोल्हापूर, बेळगावचे कितीतरी आईवडील मुलाकडे किंवा लेकीकडे बंगळूरला येऊन चार दिवस राहतात आणि इथूनच पुढे दुसऱ्या मुलाकडे परदेशी जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या छातीत निघण्याच्या आठवडाभर आधी दुखू लागले, तर घरात जो प्रश्न उभा राहतो तो वरवर वैद्यकीय दिसतो. प्रत्यक्षात तो बहुधा पैशांचा असतो. तिकिटाचे काय? तिथल्या हॉटेलचे काय? इतके पैसे पाण्यात जाणार म्हटल्यावर दुखणे हळूहळू ‘किरकोळ’ होऊ लागते. वडील म्हणतात, मला काही झालेले नाही. मुलालाही ते ऐकायचेच असते.

प्रवास विम्यातल्या कॅन्सलेशनच्या कलमाची खरी किंमत इथे कळते. सहल रद्द झाल्यावर चार पैसे परत मिळतात एवढ्यापुरता त्याचा विचार केला, तर ती साधी व्यवहाराची सोय ठरते. माझ्या मते ती त्याहून मोठी गोष्ट आहे. आजारी माणसाला ‘मी जात नाही’ असे म्हणता यावे, डॉक्टरांना ‘जाऊ नका’ असे सांगताना समोरच्याच्या खिशाची काळजी वाहावी लागू नये, आणि शरीराचा निर्णय तिकिटाने घेऊ नये, यासाठी अनेक अनोळखी माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवलेले असतात. आपल्या एका हप्त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी आईला घरी थांबता येते. विम्याकडे असे पाहिले की त्यातले खरे-खोटे हा फक्त ग्राहक आणि कंपनी यांच्यातला मामला राहत नाही.

पण ही मोकळीक आपण विकत घेतली आहे की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो. तो तिथे गेल्यावर अचानक उद्भवणाऱ्या उपचारांसाठी आणि रुग्णाला मायदेशी आणण्यासाठी असतो. व्हिसाच्या कागदांत एक कागद म्हणून तो सर्वांत स्वस्त मिळेल तिथून घेतला जातो, आणि निघण्याआधीच आजारपण आले की कळते, सहल रद्द होण्याचा त्यात उल्लेखच नाही. रेल्वेचे तिकीट काढताना काही पैशांत मिळणारा विमाही अपघाताचा आहे. तापाने अंथरुण धरले तर तो कामाचा नाही. जिथे कॅन्सलेशनचे संरक्षण असते तिथेही साधारणपणे अटी अशा असतात : आजार पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेला हवा, प्रवासाला माणूस योग्य नाही असे डॉक्टरांनी लेखी दिलेले हवे, बुकिंग वेळेत रद्द करून नुकसान शक्य तेवढे कमी केलेले हवे, आणि विमान कंपनीकडून जे परत मिळते ते वजा करून उरलेलेच मागता येते. आधीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत. खरी अडचण याच अटीपाशी येते.

आधीपासूनचा आजार म्हणजे काय, हे ठरते प्रस्तावाच्या फॉर्मवर. तो फॉर्म भरतो कोण? सत्तरीतले वडील तो भरत नाहीत. मुलगा रात्री जेवणानंतर मोबाईलवर भरतो, नाहीतर ट्रॅव्हल एजंट भरून टाकतो. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. हृदयविकार? नाही. पाच ‘नाही’ आणि एक ‘मान्य’, की पॉलिसी हातात. ज्या शरीराबद्दल हे लिहिले जाते, त्याला कुणी विचारलेले नसते. यात मुलाचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. ‘थोडीशी शुगर आहे, गोळी चालू आहे’ याला आपल्या घरांत कुणी आजार म्हणतच नाही. पण विम्याच्या नैतिकतेची चर्चा आपण नेहमी दाव्याच्या वेळी करतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. खरे बोलण्याची वेळ विमा घेताना असते, आणि ते बंधन दोन्ही पक्षांवर सारखेच असते.

हा विचार फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत रानावनातून जाणाऱ्या ऋणकोला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस व्याज सांगितले आहे. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला. ते कल्याण म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. वाट जितकी धोक्याची तितका दर चढा, या हिशेबात ‘मी कुठल्या वाटेने जाणार’ हे घेणाऱ्याने खरे सांगितले आहे, असे गृहीतच धरलेले दिसते. इंग्लंडमध्ये 1766 साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कार्टर विरुद्ध बोएम या खटल्यात परम सद्भावाचे, म्हणजे दोन्ही पक्षांनी महत्त्वाचे काही न लपवण्याचे, तत्त्व मांडले. ते आजही भारतातल्या विमा कायद्याच्या मुळाशी आहे, आणि कंपन्या दावा नाकारताना त्याचाच आधार घेतात. पण त्या खटल्याचा निकाल लागला होता विमा घेणाऱ्याच्या बाजूने! सुमात्रातल्या एका किल्ल्याचा विमा उतरवला होता, तो फ्रेंचांनी जिंकला, आणि किल्ल्याची दुर्बलता लपवली असा विमा देणाऱ्याचा आक्षेप होता. मॅन्सफिल्ड यांचे म्हणणे असे की जे तुम्हाला ठाऊक होते, किंवा विचारले असते तर कळले असते, ते न विचारता हप्ता खिशात घालायचा आणि नुकसान झाल्यावर लपवाछपवीची ओरड करायची, हे चालणार नाही.

अडीचशे वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न प्रवास विम्याच्या रूपात आला. अमेरिकेला लग्नासाठी निघालेल्या एका मधुमेही प्रवाशाने 2009 मध्ये परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. मधुमेह त्याने सांगितला होता आणि पॉलिसीपूर्वी त्याची वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्याला हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. तो कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता हे कळवले नाही, असे कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्याची तक्रार मान्य केली नाही. 6 डिसेंबर 2021 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने ते फिरवले. प्रकृतीची माहिती घेऊन, तिचे मूल्यमापन करून एकदा पॉलिसी दिली, की सांगितलेल्याच आजाराचे कारण पुढे करून नंतर हात वर करता येणार नाहीत, असा त्या निकालाचा गाभा आहे. या निकालाचे बळ कशात आहे हे लक्षात घ्यायला हवे. त्या प्रवाशाने ‘मधुमेह आहे’ असे लिहिले होते. ‘नाही’वर खूण केली असती, तर न्यायालयाला उभे राहायला जागाच उरली नसती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : एक किरकोळ खोटे, तेही बलाढ्य कंपनीशी, त्यात कुणाचे काय बिघडते? ओळखीच्या डॉक्टरांकडून मागची तारीख घालून सर्टिफिकेट घेतले तर काय होते? आधी डॉक्टरांचे बघू. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद ठेवायची असते, आणि असत्य किंवा दिशाभूल करणारे सर्टिफिकेट दिल्यास त्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले जाऊ शकते. आपल्या बुडत्या तिकिटासाठी आपण दुसऱ्याची आयुष्यभराची कमाई पणाला लावायला सांगत असतो, आणि तेही ‘तेवढं लिहून द्या हो’ इतक्या सहजपणे. दुसरी बाजू अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच दाखवली. विकत घेणाऱ्याला स्वतःबद्दल जे ठाऊक असते ते विकणाऱ्याला नसते, या विषमतेमुळे पासष्टी ओलांडलेल्यांना आरोग्य विमा मिळणे अवघड होते, असे त्यांच्या गाजलेल्या निबंधात आहे. म्हणजे लपवाछपवीचा भुर्दंड अखेर म्हाताऱ्या माणसांवरच येतो, आणि त्यात पुढच्या वर्षी पॉलिसी मागणारे आपलेच वडीलही असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मी झटकून टाकू शकत नाही. खरे सांगितले तर हप्ता वाढतो, कधी पॉलिसीच नाकारली जाते. आणि खरे सांगूनही दावे फेटाळले जातातच. मग प्रामाणिकपणाचा हा भार एकट्या ग्राहकानेच का वाहायचा? भार दोघांचा आहे असे मी वर म्हटले ते याचसाठी. दहा पानी इंग्रजी अटींवर मोबाईलवर ‘मान्य’ घेणे हे माझ्या लेखी विचारणे नव्हे. ‘गेल्या वर्षभरात रोजची कुठली गोळी घेता?’ असा साधा प्रश्न मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारायला कंपनीला काही अवघड नाही. आरोग्य विम्यासोबत ग्राहकाला सोप्या भाषेतले माहितीपत्रक द्यावे, आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे, असे विमा नियामकाने 2023 मध्ये बजावले आहे. आणि अन्यायाने दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपाल, हा रस्ता उघडा आहे. बंगळूरला त्यांचे कार्यालय आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र तिथेही पहिल्यांदा उघडला जातो तो प्रस्तावाचा फॉर्मच.

वाढीव हप्त्याचे दुःख खरे आहे, आणि पॉलिसीच मिळाली नाही तर ते त्याहून मोठे. तरीही त्या नकारातून कुटुंबाला काहीतरी कळलेले असते : या प्रकृतीला प्रवासात जोखीम आहे, आणि परत न होणारे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवे. खोट्या ‘नाही’वर मिळालेली स्वस्त पॉलिसी हे कळू देत नाही. ती तिकीट काढताना धीर देते आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी तो काढून घेते. म्हणून तो फॉर्म रात्री एकट्याने भरू नये. आईला समोर बसवावे, चष्मा द्यावा, गोळ्यांचा डबा टेबलावर ओतावा आणि एकेक पाकीट उचलून विचारावे, ही कशाची, कधीपासून. त्यात अर्धा तास जाईल. एखादी गोळी अशी निघेल की जिच्याबद्दल घरात कुणालाच माहिती नव्हती.