काटा हलायलाच हवा का?

20 सप्टेंबर 2019. हवामानबदलाच्या प्रश्नावर जगभरात मोर्चे निघाले. शाळा-कॉलेजची मुलं सगळ्यात पुढे. आयोजकांच्या हिशेबाने त्या एका दिवसात 40 लाख माणसं रस्त्यावर होती. आता समजा, कोणी म्हणालं की इतक्या मनांत एकाच वेळी एकच विचार असेल, तर त्याची नोंद यंत्रात व्हायला हवी. हसू नका, तशी यंत्रं खरंच लावलेली आहेत.

रॉजर नेल्सन यांनी 1998 मध्ये प्रिन्स्टनमध्ये 'ग्लोबल कॉन्शसनेस प्रोजेक्ट' सुरू केला. जगभर रँडम नंबर जनरेटर ठेवले. प्रत्येक यंत्र सेकंदाला 200 बिट देतं, म्हणजे 200 नाणी उडवल्यासारखं. सरासरी छापे 100. मोठी घटना घडली की सगळी यंत्रं मिळून या सरासरीच्या हिशेबातून जरा सरकतात का, हे पाहायचं. 2015 पर्यंत अशा 500 घटना तपासल्या. एकेका घटनेत परिणाम नगण्य, पण बेरीज केली तर योगायोगाची शक्यता अब्जात एकाहूनही कमी, असा दावा.

टीकाकारांनी अर्थातच घटनेची वेळ कुठून कुठपर्यंत धरली, यावर बोट ठेवलं. माझी अडचण वेगळी आहे, जरा धंदेवाईक. यंत्रातला दोष निकालात शिरू नये म्हणून प्रत्येक यंत्रातले निम्मे बिट ठरलेल्या पद्धतीने उलटवतात (एक्सऑर). मग मनाने सगळ्या नाण्यांना छाप्याकडे ढकललं, तरी तो धक्काही तिथेच पुसला जाणार. म्हणजे मनाला बिट नाही, थेट उत्तरच हलवावं लागेल. कोणत्या वाटेने?

पण त्यामागची इच्छा मला कळते. मोर्चाहून घरी आल्यावर प्रत्येकाला वाटतं, कुठेतरी काटा हलावा. आपल्याकडे खरा काटा आहे, हवाईतल्या मौना लोआवरचा. 1958 मध्ये तिथे कार्बन डायऑक्साइड 315 पीपीएमच्या आसपास होता, 2019 मध्ये 411. आणि 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे जगाचं उत्सर्जन सुमारे 5 टक्क्यांनी घसरलं, तरीही तो आलेख चढतच राहिला. अख्खं जग थांबलं ते जिथे डोळ्यांना दिसत नाही, तिथे एक मोर्चा काय दिसणार!

डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने 1984 मध्ये एक कोडं मांडलं. हजार छळ करणारे आहेत. प्रत्येक जण बटण दाबून हजार कैद्यांच्या वेदना इतक्या थोड्या वाढवतो की त्या कोणालाच जाणवत नाहीत. मग दोषी कोणीच नाही? पारफिट म्हणतो, सगळे दोषी. न जाणवणारा परिणामही परिणामच असतो. गंमत म्हणजे नेल्सनही न जाणवणाऱ्या गोष्टींचीच बेरीज करतात. फरक इतकाच की पारफिटच्या गोष्टीत बटणापासून कैद्यापर्यंत वायर आहे.

मोर्चाला वायर असते का? जर्मनीत असं झालं: तरुण याचिकाकर्ते न्यायालयात गेले, त्यांत मोर्चे काढणारी लुइझा नॉयबाउरही होती. 2021 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हवामान कायदा अपुरा ठरवला, कारण 2030 नंतरचा भार तो पुढच्या पिढीवर ढकलत होता. सरकारने कार्बन-तटस्थतेचं वर्ष 2050 वरून 2045 वर आणलं. यात मोर्चाचा वाटा किती टक्के? मला मोजता येणार नाही. मौना लोआचा आलेख त्या वर्षीही चढलाच.