देवाचा सातबारा

लोकधर्मात निसर्गाचे पावित्र्य भक्तीपेक्षा मनाईवर अधिक टिकते. हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी ही अरवलीतली देवराई. हे बन गुदडिया दास बाबांचे, इथली फांदी तोडणाऱ्याचे किंवा शेळ्या चारणाऱ्याचे बरे होत नाही, अशी आसपासच्या गुर्जर गावांची श्रद्धा. तिचा परिणाम धौ या झाडावर दिसतो. हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. शेळ्यांनी सतत खुडला की तो खडकाला चिकटून सतरंजीसारखा पसरतो. बनीत तोच धौ ताठ वाढून सावली धरतो. जात एकच, फरक धाकाचा.

सरकारी कागदाला हा धाक नसतो. ‘नोंदीत जंगलच नाही’ ही सबब पुन्हा पुन्हा उगाळली जाते. महसुली दप्तरात अरवलीचे कितीतरी डोंगर ‘गैर मुमकिन पहाड’ आहेत, म्हणजे जिथे शेती होत नाही असे. नांगर चालत नाही म्हणून शेत नाही, पटवाऱ्याने लिहिले नाही म्हणून जंगल नाही. मग उरतो तो चकचकीत फरशीच्या फार्महाऊसचा प्लॉट. या हिशेबाने बिबट्या आणि तरस अनधिकृत रहिवासी ठरतात. मालकी कोणाचीही असो, जंगलाचा शब्दकोशातला अर्थ धरा, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजीच बजावले होते. हरियाणाची व्याख्या आली ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि तिला किमान ४० टक्के वृक्षछत्र हवे. अरवलीतली झाडे कोरड्या दिवसांत पाने गाळतात. ऐन वैशाखात मोजणीला गेलेल्या साहेबांना जंगल कसे सापडावे?



मांगर गावाची सामाईक शामलात जमीन हिश्शांनी वाटली गेली, पुढे विकलीही गेली. बाबांचा हिस्सा कोणी काढला नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने बनी आणि तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामबंदीखाली आणला, तोही बरीच ओरड झाल्यावर.

महाराष्ट्राने यावर फार हसू नये. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या. पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा अनेक ठिकाणी दंडक होता. आता कुऱ्हाड चालते ती जीर्णोद्धारासाठी. सभामंडप हवा, पत्रा हवा, गाडी दारापर्यंत यायला हवी आणि फरशी तर हवीच. झाडे तोडण्याआधी देवाला कौल लावतात. तो बहुधा कंत्राटदाराच्या बाजूने पडतो.