मुली धरल्या का?

कीबोर्डवरचे हात काढा. मोबाईल पालथे ठेवा. उतारा नंतर होईल.

काल संध्याकाळच्या बॅचला तुमच्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, एआय आल्यावर टायपिस्टची नोकरीच राहणार नाही म्हणतात. मग आम्ही बोटं कशाला मोडून घ्यायची? सर्टिफिकेट तेवढं मिळालं की झालं." बाकीचे हसलात. मी गप्प राहिले, कारण रागाच्या भरात काही बोलायचं नव्हतं. आज राग उतरलाय. पण गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

पहिलं वाक्य खरं आहे. जागतिक आर्थिक मंचाचा जानेवारी २०२५ चा अहवाल आहे, हजारावर कंपन्यांना विचारून केलेला. २०३० पर्यंत कुठली कामं सर्वांत झपाट्याने घटतील, ते त्यात दिलंय. टपाल कार्यालयातले कारकून, बँकेच्या खिडकीवरचे कारकून, डेटा एन्ट्री करणारे, कॅशियर, तिकीट देणारे, कार्यालयीन सहायक. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं दर वर्षी पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढतं. टंकलेखक तिथल्या घटत्या कामांच्या यादीत अगदी वर आहेत, जागा एक तृतीयांशाहून जास्त कमी होतील असा अंदाज आहे. आर्थिक मंचाच्या त्याच अहवालात सव्वानऊ कोटींच्या आसपास कामं जातील आणि सतरा कोटी नवी येतील असंही म्हटलंय. तो दुसरा आकडा वाचून लगेच खूश होऊ नका. जाणारं काम आणि येणारं काम एकाच माणसाच्या हाताला लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

मला ही बातमी नवी नाही. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवला, तेव्हा देशाला त्याचा अभिमान वाटला होता. २००९ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं. तो कारखाना होता सातारा जिल्ह्यात, शिरवळला. आपल्याच मातीत ते यंत्र संपलं. या खोलीत त्या वेळी यंत्रांच्या दोन रांगा होत्या, आणि शेजारचे लोक म्हणायचे की सकाळी सातला तुमच्या खडखडाटाने जाग येते. ती यंत्रं मी किलोवर दिली. परीक्षा परिषदेने संगणकावरची परीक्षा आणली, मी संगणक घेतले, स्वतः या वयात नव्याने शिकले. तेव्हा काम जातं म्हणजे काय होतं, ते मला तुम्ही सांगू नका.

मला राग आला तो तुमच्या शेवटच्या वाक्याचा. सर्टिफिकेट तेवढं मिळालं की झालं.

गेल्या महिन्यात एक आजी माझ्याकडे आल्या. पलीकडच्या गावच्या, एसटीने आलेल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. "बाई, तुमच्याच शाळेत शिकलेल्या पोराने केलाय, म्हणून तुमच्याकडं आले." वारस नोंदीचा अर्ज होता. नवरा वारला, जमीन नावावर लावायची. आपल्याच इन्स्टिट्यूटचा मुलगा, मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा उत्तम गुणांनी पास, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. वेगात त्याच्या वर्षी पहिला होता. मी त्याचं कौतुक केलं होतं, याच जागी उभी राहून.

त्याने काय केलं होतं? संगणकात आधी कोणाचा तरी अर्ज होता, तोच उघडला. वरचं नाव बदललं, गट नंबर बदलला, मुलांची नावं बदलली, प्रिंट काढली. शेवटच्या परिच्छेदात आधीच्याच मयताचं नाव तसंच राहिलं. अर्ज परत आला. आजींचा एक दिवसाचा रोज बुडाला, एसटीचं भाडं गेलं. हे एवढंच असतं तर मी त्याला बोलावून चार शब्द ऐकवले असते आणि सोडून दिलं असतं. पण पुढचं ऐका. परत आलेला कागद घरी त्यांच्या नातीने वाचला. आठवीतली पोर. ती म्हणाली, "आजी, यात माझ्या आईचं नावच नाही."

आधीच्या अर्जात दोन मुलगे होते. या घरात दोन मुलगे आणि एक लग्न होऊन गेलेली मुलगी. त्याने दोन नावांच्या जागी दोन नावं घातली. तिसरं कोणी आहे का, हे विचारलंच नाही. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. अर्ज परत आला तो दुसऱ्याच चुकीसाठी. ती चूक नसती, तर मुलीचं नाव वगळलेला कागद तसाच पुढे सरकला असता.

आता मी तुम्हाला दुसरा माणूस दाखवते. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली लाकडी टेबल टाकून एक टंकलेखक बसायचे. मी नवी होते तेव्हा जुना कागद कसा वाचायचा ते त्यांच्याकडून शिकले. माणूस समोर आला की ते आधी मशीनला हात लावत नसत. चष्मा पुसायचे आणि विचारायचे: मयत कधी? दाखला आणलाय? सातबारा दाखवा. वारस किती? मग थांबून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत: "मुली धरल्या का?"

बहुतेक जण म्हणायचे, लग्न होऊन गेली, तिला कशाला धरायची? ते सांगायचे, "धरायची. नाही धरली तर उद्या कोर्टात बहीण-भाऊ समोरासमोर उभे राहाल, आणि तेव्हाचे कागद मी टाईप करणार नाही." हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, मुलगी तेव्हापासून वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. त्या माणसाकडे वकिलीची पदवी नव्हती. त्यांना हे ठाऊक होतं, कारण तीस वर्षं जे बोटांखालून गेलं ते त्यांनी वाचलं होतं.

तुम्ही वाचता का? सांगा मला. परवा मी सरावाला जो उतारा दिला होता, जलसंधारणावरचा, त्यात मुद्दाम एक वाक्य उलटं घातलं होतं. बंधाऱ्यामुळे विहिरींची पातळी खाली गेली, असं. अकरा जणांनी ते टाईप केलं. एकाही चुकीशिवाय. एकानेही मान वर करून विचारलं नाही की मॅडम, हे असं कसं? तुमची बोटं चालत होती आणि डोकं घरी होतं. मुलांनो, यंत्राला नेमकं हेच काम येतं, आणि ते तुमच्यापेक्षा कितीतरी वेगाने करतं, चहाची सुट्टी न घेता. समोरचं जसंच्या तसं उतरवणं एवढंच ज्याचं काम, त्याची खुर्ची जाणार. त्याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

आणि खुर्ची कशी जाते, तेही नीट समजून घ्या. तुमच्या डोक्यात चित्र आहे की एक दिवस साहेब येतो आणि सगळ्यांना घरी पाठवतो. तसं फार क्वचित होतं. बँकांचंच बघा. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ चा. कर्मचारी संघटनांनी त्या काळी संगणकाला कडवा विरोध केला. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम बसलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि आज भाजीवालीसमोर क्यूआर कोड टांगलेला असतो. या सगळ्या वर्षांत खिडकीवरचा कारकून मोर्चा काढावा लागेल असा रस्त्यावर आला नाही. तो निवृत्त झाला, त्याला हार घातला, आणि त्याची जागा भरली नाही. नोकरीतल्या माणसाचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्याचं. त्या दारात आज तुम्ही उभे आहात. म्हणून हसू नका म्हणते.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, दहा लाखांवर अर्ज. तुमच्यापैकी निम्म्यांनी भरला होता, मला ठाऊक आहे, फॉर्मच्या प्रिंट इथेच काढल्या. आणि पूर्वी तलाठ्याच्या हातून मिळणारा सातबारा आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीसह घरबसल्या निघतो. परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र अजून लागतं, ते जरूर मिळवा. पण पाच-पाच वर्षं त्या एका कागदाच्या भरवशावर काढायची, आणि त्या वर्षांत साधा मृत्यूचा दाखला नीट वाचायला शिकायचं नाही, हा कुठला शहाणपणा? तुमच्यातल्या एकीच्या वडिलांनी शेळी विकून फी भरली आहे. ती मुलगी मान खाली घालून बसली आहे, तिच्याकडे बघू नका. आणि तुमच्यातच एक जण आहे, ज्याने मला बाहेर गाठून विचारलं की परीक्षेला दुसरं कोणी बसवता येईल का, पैसे देतो. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने आज रात्री स्वतः घरी सांगावं. नाही सांगितलं तर उद्यापासून या वर्गात यायचं नाही.

म्हणाल, एआय अर्जही लिहील, प्रश्नही विचारील. विचारील. "वारस किती" हे तेही विचारील, कदाचित "मुली आहेत का" हेही. पण मी त्या आजींना तो प्रश्न विचारला, तेव्हा त्या पटकन बोलल्या नाहीत. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेर दीर उभा होता. मग पदर सावरून हळूच म्हणाल्या, "आहे एक." ते पाहायला समोर माणूस बसलेला लागतो, आणि त्याचं लक्ष लागतं. मी दार लोटून घेतलं, त्यांना पाणी दिलं आणि सावकाश सगळं विचारलं. दोन मुलगे, एक मुलगी आणि त्या स्वतः. चार वारस. स्वतःचं नाव घालायचं असतं हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि तुमच्या त्या हुशार मुलाने तेही घातलं नव्हतं. नवा अर्ज मी टाईप केला, नातीला मोठ्याने वाचायला लावलं, मग आजींचा अंगठा घेतला.

एवढं केल्याने तुमची नोकरी टिकेल अशी हमी मी देत नाही. ती द्यायला मी कोण? पण उद्या ही खुर्ची उरली नाही, तरी कागद वाचता येणारा माणूस पतसंस्थेत, वकिलाच्या ऑफिसात, सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीत कामाचा असतो. ज्याला फक्त बोटं चालवता येतात, तो कुठे जाणार? मला रात्री झोप लागत नाही ती या विचाराने. तुमच्यातले निम्मे तसे आहेत, आणि तुम्हाला तसं होऊ दिलं यात माझाही दोष आहे. घड्याळ लावून वेग मोजत बसले, वाचलं का हे विचारलं नाही. ते आजपासून बंद.

तो मुलगा उद्या सकाळी इथे येतोय, मी बोलावलंय. चुकलेला अर्ज तो तुमच्यासमोर वाचेल.

उद्या सातच्या बॅचला प्रत्येकाने घरातला एक खरा कागद आणायचा. सातबारा, वीजबिल, रेशनकार्ड, आजोबांचं खरेदीखत, काहीही. त्यात काय लिहिलंय आणि कोणाचं नाव राहिलंय, ते उभं राहून सांगायचं. ज्याला सांगता येईल, त्याला संगणक मिळेल. बाकीच्यांनी बाकावर बसून ऐकायचं.