बांडगूळ म्हणून कोणास हिणवावे?

दुसऱ्याच्या आधाराने जगणाऱ्या मनुष्यास आपण ‘बांडगूळ’ म्हणून हिणवितो. शब्द कठोर आहे; पण तो नेहमी न्यायाचा असतो काय? प्रिय वाचकहो, वनस्पतींच्याच उदाहरणाने याचा विचार करून पाहू.

कनेरगाव नाक्याच्या आसपास ज्यांनी ज्वारी पिकविली, त्या वडील माणसांस टारफुला कसा असतो हे सांगावयास नको. त्याची पाने हिरवी असतात, म्हणून काही अन्न तो उन्हात स्वतः तयार करितो. तथापि पाणी व क्षार तो ज्वारीच्या मुळांतून ओढून घेतो. अशा वनस्पतीस अर्धपरोपजीवी म्हणतात. त्याचे बी धुळीसारखे बारीक असून वर्षानुवर्षे जमिनीत दडून राहते, आणि ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली म्हणजे रुजते. बी धरण्यापूर्वी तो उपटून टाकणे हे शेतकऱ्याचे कर्तव्यच होय. कारण त्याच्या लेकरांची भाकरी त्या कणसांत आहे.

आता सातारा जिल्ह्यातील कास पठार पाहा. तेथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि पावसाळ्यात त्यावर नाना रंगांची फुले उमलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर या पठाराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे गुलाबी फुलांची दुधाळी आढळते. ती टारफुल्याच्याच कुळातील असून शेजारच्या गवताच्या मुळांतून रस घेते. तिला मात्र आपण जपतो. एकच वर्तन शेतात अपराध आणि पठारावर शोभा, हा पक्षपात नव्हे काय?

नव्हे. परावलंबन हा दोष नसून शेजाऱ्यास रिते करणे हा दोष होय. शेतात एकच पीक दाट उभे असते. त्यात शिरलेला टारफुला पीक बुडवितो. पठारावर गवत व दुधाळी फार काळ एकत्र नांदत आली आहेत. इंग्लंडात रिनॅन्थस नावाची अशीच एक वनस्पती शेतकऱ्यांस नकोशी असे. आज जुनी फुलांची कुरणे पुन्हा वसविण्यासाठी तिचे बी मुद्दाम पेरितात, कारण ती माजलेल्या गवताचा जोर कमी करून लहान फुलांस जागा देते. आपले चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांवर अवलंबून असते, आणि जाणते शेतकरी त्याच्यालगत तूर लावितात. चंदनास बांडगूळ कोण म्हणेल?

यातून रक्षणाविषयीही एक गोष्ट कळते. दुधाळी एकटी उपटून कुंडीत लावून जगविता येत नाही. ती राखावयाची तर तिचे गवत, त्या गवताखालील माती आणि मातीखालील खडक ही सर्व राखिली पाहिजेत. वाहने पठारावर चढली, पायांखाली माती तुडविली गेली, तर फूल न तोडताही फूल जाते.

मनुष्यांचेही असेच आहे. घरातील वृद्ध आई, पांगळा भाऊ, गावातील निराधार विधवा यांस भार म्हणण्यापूर्वी, त्यांनी कोणास रिते केले आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा असे आढळेल की, ज्याने शेजाऱ्याचा बांध कोरला व मजुराची मजुरी बुडविली, त्यास गाव रामराम करितो. आणि वाटीभर कालवणासाठी दाराशी आलेलीस बांडगूळ म्हणतो. आपली जीभ चुकीच्या झाडास नाव ठेवीत नाही ना, हे ज्याने त्याने तपासावे.