जडभरताचे भाऊ



श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताचे आख्यान आपल्या कानांवरून अनेकवार गेले आहे. लोक त्यास जड, वेडा, बहिरा समजत. पित्याच्या पश्चात भावांनी त्यास शेताच्या कामास लाविले आणि कण्या, पेंड, कोंडा, भांड्याच्या बुडाशी करपलेला भात, असे जे उरेल ते खावयास दिले. पुढे रहूगण राजाच्या सेवकांनी त्यास धरून पालखीस जुंपिले, राजाने उपहास केला, भरत बोलू लागला, आणि राजा पालखीतून उतरून त्याच्या पायां पडला. कीर्तनकार येथून ब्रह्मज्ञानाकडे वळतात. ते उचितच होय. आम्ही मात्र आज भावांपाशीच थांबणार आहोत. त्यांनी भरतास घराबाहेर घातले नाही. तो घरात होता, पण घरचा नव्हता.

मनोरुग्णांच्या बाबतीत हा भेद सांप्रत फार मोलाचा झाला आहे. त्यांस सरकारी भिंतीआड ठेवण्याची रीत आपल्या सीमाभागासही जुनीच. धारवाडास १८४५ साली असे इस्पितळ निघाले. १९१२ च्या कायद्यात उपचारापेक्षा बंदोबस्ताचीच चिंता अधिक होती. दारापाशी सोडलेला माणूस पुष्कळदा परत आलाच नाही. ही रीत पालटू पाहणाऱ्यांत अमृतसरचे डॉ. विद्यासागर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी रुग्णांच्या आप्तांस इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास लाविले. आप्त शेजारी असता रुग्ण लवकर सावरे, आणि घरी जाताना आप्तही काही शिकून जात. पुढे बंगळूरजवळील व चंडीगडजवळील खेड्यांतून प्रयोग झाले, बळ्ळारी जिल्ह्यात ते जिल्हाभर पोचले, आणि त्याच नमुन्यावर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम तर सांगते की, घरचे स्वीकारीत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणास्तव कोणास इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा अधिकार आहे.

समाज म्हणजे कोण, हे त्या कलमात लिहिलेले नाही. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी वस्तीवस्तीत उपचारकेंद्रे उभारण्याचा कायदा केला. इस्पितळे रिती होत गेली, केंद्रे मात्र ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाहीत, आणि कित्येक रुग्ण रस्त्यावर व तुरुंगात जाऊन पडले. सरकारने हात काढून घ्यावा आणि त्यास समाजसेवा म्हणावे, हे आम्हांस मान्य नाही. औषधे, वैद्य आणि पैसा ही सरकारचीच जबाबदारी होय, आणि ती मागितलीच पाहिजे.

तरी उरलेला वाटा आपला आहे. देवस्थानांनी तो दोन्ही प्रकारे बजावून दाखविला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका झापात आग लागून साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तो दर्गा होता म्हणून आपण अंग झटकू नये. साखळ्या कोणा एका धर्माच्या नसतात. याउलट त्याच तामिळनाडूतील मुथुस्वामींच्या एका खेड्यातील देवळात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास बंगळूरच्या वैद्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. तेथे कोणताही विशेष विधी नव्हता. माणसे देवळाच्या नित्यक्रमात सामील होत आणि कोणी त्यांस हिडीसफिडीस करीत नसे. तेवढ्याने त्यांचा त्रास सरासरी पाचव्या हिश्शाने उतरला. पुजाऱ्याच्या घरी जन्मलेल्या आम्हांस हे वाचून आनंद झाला, तथापि याचा अर्थ गोळ्या बंद करून अंगाऱ्यावर विसंबावे असा कोणी घेऊ नये. अंगारा हवा तर गोळी घेऊन लावावा!

आणखी एक, बोलावयास अवघड अशी गोष्ट. धाकटीचे लग्न अडेल या भीतीने थोरल्यास माडीवर ठेवणारी घरे आपल्यांतही असतील. त्यांस दोष देण्यापूर्वी, सोयरिकीच्या वेळी आपणच काय काय विचारतो ते आठवावे. शिवाय घरी आणलेल्या रुग्णाचा सारा भार बहुधा एकट्या आईवर किंवा पत्नीवर पडतो. तिला वर्षानुवर्षे काकडआरतीस येता येत नाही, आणि आपण म्हणतो, त्या हल्ली दिसत नाहीत.

महाप्रसादाच्या पंगतीत अशा माणसास कडेला, पत्रावळ वेगळी मांडून बसवू नये. ज्यास जमेल त्याने हार गुंफावे, तुळशीस पाणी घालावे, सभामंडप झाडावा. तालुक्याच्या दवाखान्यात सोबत जाणारा कोणी हवा असेल, किंवा आरतीपुरता घरी बसणारा कोणी हवा असेल, तर सांगावे. तरुण सभासदांपैकी काहींनी होकार दिला आहे. रात्री-अपरात्री सल्ला लागल्यास सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आमच्यापाशी बोलावयाचे असल्यास सकाळची पूजा आटोपल्यावर आम्ही ओवरीत असतो. त्या वेळी तेथे दुसरे कोणी नसते.