शिक्षेचं ठिकाण

मराठी सिनेमात मंत्री एखाद्या अधिकाऱ्यावर खवळला की एक धमकी ठरलेली असते : गडचिरोलीला बदली करीन. थिएटरात हशा पिकतो. सरकारी कचेऱ्यांत हीच धमकी कधी गमतीनं, कधी खरोखर दिली जाते.

हे वाक्य गडचिरोलीत बसून ऐकणाऱ्या माणसाचं काय होत असेल? तो तिथंच जन्मला, तिथंच धान लावतो, तिथंच त्याची लेकरं शाळेत जातात. त्यानं कुठलाही गुन्हा केलेला नाही. तरी त्याचं घर म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राची शिक्षा आहे, हे त्याला हसत हसत सांगितलं जातं.

खेड्यात डॉक्टर का मिळत नाहीत, या प्रश्नाची चर्चा आपण पगार आणि रिक्त पदांपासून सुरू करतो. मला वाटतं, ती या वाक्यापासून सुरू करायला हवी.

माझी एक मैत्रीण सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. बॉन्डच्या नेमणुकांची यादी लागली त्या संध्याकाळी तिच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडत होता. 'तुला कुठं फेकलं?' 'वाचलास लेका!' 'एक वर्ष काढायचं, मग सुटका.' फेकणं, वाचणं, सुटका : सगळी भाषा तुरुंगाची. मी तिला तसं म्हणालो, तर ती चिडली.

"तू ये एकदा राहायला," ती म्हणाली. "रात्री बाई अडली तर मी एकटी. भूल देणारं कुणी नाही, रक्तपेढी दीड तासावर. रेफर केलं तर ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. आणि काही बरंवाईट झालं की नातेवाईक कुणाची कॉलर धरणार? सरकारची?"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच 'डॉक्टरांनी थोडा त्याग करायला काय हरकत आहे' हे पुण्या-मुंबईत बसून म्हणणं मला जड जातं. माझ्या घरापासून दहा मिनिटांत तीन हॉस्पिटलं आहेत. माझ्या वाट्याचा त्याग मी कधी केलाय?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सरकारी कॉलेजातली सीट लोकांच्या पैशातून उभी राहते. काडेपेटी विकत घेणारा मजूरसुद्धा त्यात कराचा वाटा घालतो. ज्यानं पैसे घातले, त्याच्या गावात वर्षभर काम करणं ही मेहेरबानी म्हणता येणार नाही. ती परतफेड आहे.

मग गफलत कुठं होते? या परतफेडीला किंमत लावली तिथं. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या बॉन्डला वर्षानुवर्षं पर्याय होता : गावात जायचं नसेल तर दहा लाख रुपये भरा. याचा अर्थ नीट बघा. ज्याच्या बापाकडे दहा लाख आहेत, तो कर्तव्यातून मोकळा. ज्याच्याकडे नाहीत, तो गावात. म्हणजे गावाच्या वाट्याला डॉक्टर आला तो त्याला यावंसं वाटलं म्हणून नाही, पैसे नव्हते म्हणून. आणि जो पैसे भरून गेला, त्याला आपण काही देणं लागतो असं पुन्हा कधी वाटायचं कारणच उरलं नाही. त्याच्या लेखी हिशोब मिटला. गावात डॉक्टरची खुर्ची मात्र रिकामीच राहिली. दहा लाख रुपयांना ताप मोजता येत नाही.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक डॉक्टर होते. वेल्समधल्या खाणकामगारांच्या एका छोट्या गावात त्यांनी आयुष्य घालवलं. १९७१ साली त्यांनी एक नियम मांडला : जिथं आरोग्यसेवेची गरज सगळ्यांत जास्त, तिथं चांगली सेवा सगळ्यांत कमी मिळते, आणि आरोग्य बाजाराच्या हाती जितकं जास्त, तितका हा नियम पक्का. हे त्यांनी ब्रिटनबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडे तर हा नियम पायऱ्यापायऱ्यांनी चालतो. गावातला डॉक्टर तालुक्याला जातो, तालुक्याचा पुण्याला, पुण्याचा लंडनला. श्रीमंत देशांनी आरोग्य कर्मचाऱ्यांची टंचाई असलेल्या गरीब देशांतून माणसं ओढून नेऊ नयेत, अशी आचारसंहिता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली केली. ते वाचून आपल्याला बरं वाटतं. पण धडगावच्या किंवा धारणीच्या माणसाच्या जागेवरून पाहिलं, तर त्याच्यासाठी पुणे हेच लंडन आहे.

यावर एक जुना तोडगा होता. ब्रिटिश काळात एलएमपी नावाचे डॉक्टर असत. त्यांचं शिक्षण कमी मुदतीचं, पण संख्या मोठी. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशातल्या दर तीन डॉक्टरांपैकी जवळपास दोन असे होते. १९४६ साली भोर समितीनं ठरवलं की यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा. काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला, पण बहुमत ठरलं. या निर्णयामागची भावना उदात्त होती : गरिबाला दुय्यम डॉक्टर का? प्रत्यक्षात झालं असं की एकाच दर्जाचा डॉक्टर शहरात राहिला, आणि कित्येक गावांच्या वाट्याला कुठल्याच दर्जाचा आला नाही.

आता पुन्हा गडचिरोलीकडे येऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळं मोठ्या संख्येनं मरत होती, आणि आजारी बाळाला हॉस्पिटलातच न्यायला हवं, असं वैद्यकशास्त्र सांगत होतं. हॉस्पिटल लांब, रस्ते पावसाळ्यात बंद. मग १९९५पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, बाळ रडलं नाही तर श्वास देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणत. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा हिशोब धरता, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'नं हा अभ्यास छापला. २०११मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे आलं.

ज्या जिल्ह्यात आपण माणसं शिक्षा म्हणून पाठवतो, त्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला नवजात बाळ वाचवायचं शिकवलं. यावर हशा पिकत नाही.

पण ही गोष्ट इथं संपवली तर ती सोयीची होईल. 'बघा, डॉक्टरांवाचून काही अडत नाही' असा तिचा अर्थ काढणं हा अप्रामाणिकपणा आहे. अडलेल्या बाईचं सिझेरियन आरोग्यदूत करू शकत नाही. तिनं ओळखलेला धोका पुढे निस्तरणारं कुणी हवंच. शिवाय एक प्रश्न आपण टाळतो : जी बाळं वाचवते, तिला आपण काय देतो?

आशाताईला सरकारी भाषेत कर्मचारी म्हणत नाहीत. ती स्वयंसेविका. तिला पगार नसतो, मोबदला असतो, काही ठरावीक, काही कामाच्या नगावर. साधारण हजार माणसांमागे ती एक. कोविडमध्ये ती दारोदार फिरली. जून २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या.

'टंचाई' हा शब्द मला इथं खटकतो. टंचाई म्हणताना आपण न आलेल्या डॉक्टरला मोजतो. जी आधीपासून आहे, जी रात्री दोनला दार वाजलं की उठते, ती मोजणीतच नसते. डॉक्टर गावात गेला तर त्याला त्याग म्हणतात आणि त्याचा सत्कार होतो. आशाताई गावातच असते, म्हणून तिच्या कामाला सेवा म्हणतात आणि पैसे उशिरा देतात. त्यागाची अपेक्षा नेहमी त्याच्याकडूनच का, ज्याच्याकडे सोडण्यासारखं सगळ्यांत कमी आहे?

म्हणून 'डॉक्टरनं खेड्यात जावं का?' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तो एका पंचविशीतल्या मुलीच्या सदसद्विवेकावर सगळं ओझं टाकतो आणि बाकी आपण मोकळे होतो. खरा प्रश्न असा : गावात राहणं ही शिक्षा ठरू नये, यासाठी आपण सगळे मिळून किती किंमत मोजायला तयार आहोत? तिच्याबरोबर दुसरा डॉक्टर आणि नर्स, धड क्वार्टर, चालणारी ॲम्ब्युलन्स, पुढच्या शिक्षणात त्या वर्षांचा मान. आणि आशाताईला महिन्याच्या महिन्याला पगार. त्याग मागण्याआधी एवढं देणं हा साधा न्याय आहे.

गावाकडून आलेली मुलं डॉक्टर झाली तर गावात टिकण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक देशांच्या अनुभवातून दिसलंय. यात नवल काय? त्यांच्यासाठी ती जागा शिक्षा नसते. घर असतं.

माझ्या मैत्रिणीचं वर्ष संपत आलंय. परवा फोनवर म्हणाली, तिथल्या आशाताईनं एक बाळ वेळेत उचलून आणलं, तिच्या डोळ्यांतून सुटलं असतं असं. "मी तिला ताई म्हणते," ती म्हणाली. "ती मला मॅडम म्हणते. उलटं असायला हवं होतं."

पुढच्या वर्षी ती तिथं राहील का, ते मी विचारलं नाही. तिला विचारायच्या आधी मला स्वतःला काहीतरी विचारायचं होतं.